अंडं सुखरूप खाली आणणे

अंडं ही वस्तू मुळात वरून खाली टाकायला केलेली नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी शाळा नववीत सोडली, पण अंड्याबद्दल एवढी माहिती मला त्याच्या आधीपासूनच होती. तरी गेल्या उन्हाळ्यात आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून इतकी अंडी खाली गेली की गल्लीतल्या मांजरीने इतर बिल्डिंगांकडे फिरकणं सोडून दिलं. ती आमच्या गॅलरीखाली तोंड वर करून बसायची. आमच्यावर इतका विश्वास त्या काळात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

याला कारण आमची टिटवी. टिटवी म्हणजे माझी मुलगी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. लहानपणी ती पाय वर करून, भिंतीला लावून झोपायची. आणि पक्ष्यांतली टिटवीही म्हणे तशीच झोपते, आभाळ पडलंच तर पायांवर झेलता यावं म्हणून. "आपल्याला छपराची काळजी नाही," हे म्हणायचे, "घरात टिटवी आहे."

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात आभाळ पडलं. टिटवीने ते झेललं की तिच्या अंगावर आलं, मला कळलं नाही, कारण ती काही बोललीच नाही.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर हा माणूस उंच उंच इमारतींच्या पोकळीत दोरांना धरून काम करत आला, आणि मी जन्मभर संध्याकाळी जिन्यात पावलं वाजेपर्यंत जीव मुठीत धरून बसत आले. आणि गेले कुठे, तर सपाट रस्त्यावर. पाव आणायला गेले होते. चालता चालता खाली बसले, ते उठलेच नाहीत. उंचावरून पडून जायची भीती मी इतकी वर्षं सांभाळली, आणि ती अशी वाया गेली. मला अजून राग येतो; पण कोणाचा, ते ठरत नाही. म्हणून मी तो शिलाई मशीनच्या पायट्यावर काढते.

भेटायला आलेल्यांना मी सांगत होते, "पोर फार धीराची हो माझी. डोळ्यातून टिपूस नाही काढलं." लोक टिटवीच्या पाठीवरून हात फिरवायचे, म्हणायचे, "शाबास." ती मान हलवायची. नंतर ती "हो", "नको" आणि "माहीत नाही" या तीन शब्दांवर संसार करू लागली. दहावीत जाणाऱ्या मुलीला एवढे शब्द पुरतात, हे मला माहीत नव्हतं.

आणि मग एक दिवस शाळेतून आली, दप्तर न काढता मशीनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला शिबिराला जायचंय. विमानांच्या. अभियांत्रिकी कॉलेजात आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत. रॉकेट करायला शिकवतात आणि शेवटच्या दिवशी उडवतात."

मी माझ्या आनंदात तिथल्या तिथे एका गिऱ्हाइकाच्या उशीच्या अभ्र्याची चौथी बाजूही शिवून टाकली.

ही बातमी बिल्डिंगीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच पसरवली. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विमानांचं? अहो, डोळे खराब होतात वर बघून बघून." दातांच्या डॉक्टरला डोळ्यांचं काय कळतं, असं मी म्हटलं नाही, मनात म्हटलं. धाकटे भाऊजी मुद्दाम येऊन सांगून गेले, "वहिनी, तुमच्या हातात कला आहे, तिला शिवण शिकवा. रॉकेटचं काय, वर जातं आणि खाली येतं. त्यात शिकायचं काय?"

"काका," टिटवी म्हणाली, "लिफ्टही वर जाते आणि खालीच येते."

भाऊजींनी चपला चढवल्या. तिचं एवढं मोठं वाक्य ऐकून मी त्यांना चहा विचारायचंही विसरले.

आता अर्ज. हल्ली अर्ज कागदावर नसतो, तो कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि त्याला तारांकित रकाने असतात. तारा म्हणजे सक्ती. वडिलांचा मोबाईल नंबर: तारा. मी तिथे माझा नंबर घातला, तर तो म्हणे, हा आईचा नंबर आहे. मग रिकामा ठेवला, तर पुढचं पानच उघडेना. कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला.

"वडिलांना फोन द्या," पलीकडचे कारकून म्हणाले.

"ते नाहीत."

"मग आले की करा ना मॅडम. सहापर्यंत चालू असतं."

मी म्हटलं, "ते सहापर्यंत येणार नाहीत." खरं तर नीट सांगायला हवं होतं, पण त्या माणसाचा आवाज इतका आशेचा होता की मला त्याला वाईट बातमी द्यावीशी वाटेना.

शेवटी स्वतः गेले. जाळीच्या खिडकीपलीकडे तेच कारकून होते, चष्मा कपाळावर चढवलेले. यावेळी नीट सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये शोधलं आणि फार ओशाळून म्हणाले, "तसा पर्यायच नाही हो यात. सिस्टीममध्ये सगळ्यांचे वडील आहेत."

मला त्या सिस्टीमचा हेवा वाटला.

"त्यांचा नंबर चालू आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. "त्याच्यावर एक आकडा येईल. तो घाला, बाकी मी बघतो."

नंबर चालू होता. भाऊजींनी दर भेटीत "वहिनी, बंद करून टाका तो" म्हणून सांगितलं होतं, आणि मी दर महिन्याला त्यात पैसे भरत होते. फोन कपाटात होता, मी शिवलेल्या अस्तराच्या पिशवीत, नाडी बांधून. आम्ही दोघी पलंगावर बसलो. टिटवीने तो चार्जिंगला लावला. जरा धुगधुगी आल्यावर त्यात एकामागून एक निरोप कोसळायला लागले. बुटांवर सवलत. हवामानाचा अंदाज. "आम्हाला तुमची आठवण येते," असं एका चपलांच्या दुकानाने तीनदा कळवलं होतं. कुठल्याशा इमारतीतून कोणीतरी लिहिलं होतं: दादा, दोन नंबरची पुन्हा मध्येच थांबते, कधी येताय?

सगळ्यांच्या शेवटी तो आकडा आला. टिटवीने वाचला, मी टाइप केला. वडिलांची संमती मिळाली, असं हिरव्या अक्षरांत आलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. मी फोन पुन्हा पिशवीत घातला आणि नाडी बांधली.

असं शिबिर सुरू झालं. तिथल्या शिकवणाऱ्या बाई अगदी तरुण, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं की रॉकेट वर पाठवणं हे निम्मं काम. प्रत्येकाच्या रॉकेटच्या टोकात एक कच्चं अंडं बसवायचं, आणि ते वर जाऊन सुखरूप खाली यायला हवं. दारूकाम मोजकं असल्यामुळे प्रत्येकाला उड्डाण एकच. परीक्षा वगैरे काही नाही. अंडं हीच परीक्षा.

घरी येऊन टिटवी म्हणाली, "आई, त्या बाईंनी बाबांचंच वाक्य म्हटलं."

ह्यांचं ते वाक्य होतं खरं. कोणी म्हणालं की वा, माणसांना आभाळात नेता तुम्ही, तर हे म्हणायचे, "न्यायला काय लागतं? सुखरूप खाली आणायचा पगार आहे."

"मला ते करून दाखवायचंय," टिटवी म्हणाली. कोणाला, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की जगात दुसरं काही होवो न होवो, हे एक अंडं खाली सुखरूप उतरलं पाहिजे. आणि पॅराशूट म्हणजे शेवटी शिवणकामच ना? म्हणजे ते माझ्याच खात्यात येत होतं.

इथे माझ्या शिवणाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मला कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर ह्यांचा एक विकतचा शर्ट मी टाक्याटाक्याने उसवला, तुकडे जमिनीवर मांडले, तासभर बघत बसले आणि परत शिवला. तो शर्ट ह्यांनी पुढे कित्येक वर्षं घातला. एक बाही किंचित मागे जायची, पण लिफ्टवाल्याला हात वर करूनच काम असतं, म्हणून खपून गेलं. आता माझ्याकडे लांबून गिऱ्हाईक येतं, आणि माझी एक खूण आहे. कपडा तयार झाला की मी त्याची कडक घडी घालते आणि घडीवर एक कच्चा टाका मारते. पिशवीत कसाही कोंबा, घडी मोडत नाही. घरी जाऊन दोरा ओढला की टाका निघतो. "तुमची घडी म्हणजे घडी," असं बायका म्हणतात. माणसाला आयुष्यात एवढं नाव पुरे.

तर आम्ही पॅराशूटं शिवायला लागलो. आधी शिबिरातून दिलेलं प्लास्टिक. ते फाटलं. मग पडद्याचं अस्तर. ते जड. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा जुना रेनकोट दिला, "डोळे सांभाळा" म्हणून. तो इतका ताठ होता की त्याचं पॅराशूट उघडलं ते मिटेचना. प्रत्येक पॅराशूटला अंडं बांधून गॅलरीतून सोडायचं, टिटवी वरून, मी खालून. रोज सकाळी फुटलेल्यांचा सडा धुवायचा. जी वाचायची, त्यांना तडे जायचे, म्हणून त्यांची ऑम्लेटं. त्या उन्हाळ्यात आम्ही इतकी ऑम्लेटं खाल्ली की मी झोपेत कूस बदलतानाही कड सुटली का ते बघून बदलत होते.

मग काटकसर म्हणून मी अंड्याऐवजी बटाटा वापरला. तोच नेमका सेक्रेटरीकाकांच्या स्कूटरच्या आरशावर बसला.

आमचे सेक्रेटरीकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. ते चिडत नाहीत, ते मोजतात. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या फळ्यावर नोटीस: "चौथ्या मजल्यावरून भाज्या पडत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बटाटा वजन करता एकशे ऐंशी ग्रॅम भरला. इतक्या वजनाची वस्तू इतक्या उंचीवरून डोक्यात पडल्यास काय होईल, याचा रहिवाशांनी विचार करावा."

रहिवाशांनी विचार केला, आणि तो मला जिन्यात गाठून सांगितला. एकजण म्हणाले, कांदा वापरा, हलका असतो. एकीने विचारलं, "अहो, भाजी पटत नाही का तुम्हाला आमच्या भाजीवाल्याची?" मी खाली मान घालून वर जायचे. ज्या बाईची घडी म्हणजे घडी, तिला आता लोक बटाटेवाली म्हणू लागले होते.

शिबिर संपत आलं, तरी पॅराशूट जमेना. एका दुपारी टिटवी जेवता जेवता दाराकडे बघत बसली. दारामागच्या खिळ्याला ह्यांची छत्री होती. मोठी, काळी, वाकड्या मुठीची. ते गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी झाडतानासुद्धा तिच्या भोवतीने झाडायचे.

"तिला आठ पाकळ्या आहेत," टिटवी म्हणाली. "आणि वर मधोमध भोक असतं, दांड्याचं. भोक असलं ना, की हवा वरून निघते आणि पॅराशूट डुलत नाही."

मी म्हटलं, "भाऊजींकडे छत्री आहे. त्यांची घेऊ."

"काकांची घडीची आहे. लहान."

"विकत घेऊ मग."

"आई."

एवढंच म्हणाली. मी ताट उचललं, भांडी घासली, न घासायची पण घासली. मग छत्री खिळ्यावरून काढली आणि खिडकीजवळ बसले. कातरी लावली नाही. काडीकाडीवरचा टाका सुईच्या टोकाने उसवला. कापड निघालं, अगदी हलकं. वास आला म्हणू का? नाही आला. मी बघितला घेऊन. मला यायला हवा होता. हाती उरला सांगाडा, तो मी परत खिळ्याला लावला. एखादं काळं कोळ्याचं जाळं असावं तसा तो तिथे दिसू लागला.

ते पॅराशूट गॅलरीतून पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी खाली नव्हते, वरच होते, पाठ करून. "आई, उतरलं!" अशी हाक आली. अंड्याला चीरसुद्धा नव्हती. मांजर निराश होऊन उठून गेली.

शेवटच्या दिवशी सकाळी टिटवी अंघोळीला गेली होती. रॉकेटची जाड पुठ्ठ्याची नळी टेबलावर, शेजारी पॅराशूट. तिने शिबिरात शिकवल्याप्रमाणे त्याची सैलसर घडी करून ठेवली होती, वर पावडर भुरभुरवून. मला ती घडी बघवेना. आज सगळे पालक येणार, प्राचार्य येणार, आणि माझ्या घरचं कापड असं बोळा केल्यासारखं जाणार? मी ते झटकलं, पाकळीवर पाकळी लावली, तळहाताने दाबत दाबत अशी घडी घातली की सुरी फिरवल्यासारखी कड दिसावी. नळीत अलगद बसली. बसली म्हणजे काय, शोभली. तेवढ्यात खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, माझे हात घाईत होते, आणि घाईत असले की माझे हात डोक्याला विचारत नाहीत. काळ्यावर काळा दोरा घेतला, दिसूही नये असा एक टाका मारला, गाठ दिली, दोरा दाताने तोडला.

कॉलेजच्या मैदानावर मांडव घातला होता. खुर्च्या उन्हाने तापलेल्या. प्राचार्यांनी भाषण केलं, त्यात आकाश हा शब्द इतक्यांदा आला की आकाशही कंटाळून ढगाआड गेलं. मग उड्डाणं. एकाचं रॉकेट सुटलं आणि सरळ मांडवात शिरलं. पालकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपापल्या मुलांच्या प्रकल्पात एवढ्या चपळाईने भाग घेतला. एकाचं वर गेलं आणि खाली यायचं विसरलं. बाकीची येत होती. अंडं उतरलं की शिकवणाऱ्या बाई धावत जायच्या, डबी उघडून बघायच्या आणि हातातल्या कर्ण्यातून ओरडायच्या, "सुखरूप!" किंवा "गेलं!"

टिटवीचं नाव पुकारलं. ती मैदानात गेली तेव्हा तिची पाठ अगदी ह्यांच्यासारखी दिसली. डावा खांदा जरा उतरलेला. तिने बटण दाबलं. रॉकेट असं सरळ गेलं, असं सरळ, की मांडवातले लोक "वा" म्हणाले आणि माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी विचारलं, "तुमची का?" मी म्हटलं, "आमची." वर, खूप वर, फट् असा बारीक आवाज झाला. नळी उघडली. काळं काहीतरी बाहेर आलं.

आणि तसंच राहिलं.

एक छोटं, काळं, चौकोनी, सुबक पुडकं. ते फिरत फिरत खाली येऊ लागलं. "उघडेल," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "उघडेल आता." मला मात्र तेवढ्या उंचीवरूनही कळलं. आपली घडी आपल्याला कळते.

शिकवणाऱ्या बाई धावल्या. डबी उघडायची गरज नव्हती. त्या "गेलं" म्हणाल्या, कर्ण्यातूनच, पण हळू.

टिटवीने पुडकं उचललं, उलटंपालटं केलं, नखाने काहीतरी चाचपलं. मग ती मैदान तुडवत थेट माझ्यासमोर आली. तिची समजूत घालायला बाईही मागोमाग आल्या, कर्णा तसाच हातात, चालू.

"आई, हा टाका कोणी घातला?"

"मी."

"का?"

"घडी मोडू नये म्हणून."

"मोडायलाच हवी होती ना ती!" टिटवी ओरडली. मी तिचं ओरडणं विसरले होते. केवढा मोठा आवाज झाला होता त्याचा. "उघडायसाठीच केलं होतं ते! तू सगळ्याच्याच घड्या घालतेस. बाबांच्या शर्टांच्या घातल्यास. फोनला पिशवी शिवून नाडी बांधलीस. आणि मला! मला पण टाका घातलास तू! मी रडले नाही म्हणून सगळ्यांना सांगत सुटलीस, पोर धीराची, पोर धीराची. मग मी रडायचं कसं? सांग ना, रडायचं कधी?"

सगळं मैदान स्तब्ध होतं. मला वाटलं, आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघून असेल. मग लक्षात आलं की हा शब्द न् शब्द कर्ण्यातून मैदानभर, कँटीनपर्यंत, वाहन लावायच्या जागेपर्यंत गेला होता. बाईंनी घाबरून कर्णा बंद केला. जाळीच्या खिडकीवाले ते कारकूनसुद्धा पायरीवर येऊन उभे होते, चष्मा डोळ्यांवर.

माझी अब्रू गेली म्हणायची, तर ती बटाट्यापासूनच जात होती; उरलेली त्या दिवशी गेली. पण मला तिचं ओरडणं थांबायला नको होतं. कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी मनातलं बोलत होती. मी म्हटलं, "रड."

बसमध्ये ती रडली. मुसमुसून वगैरे नाही, भोकाड पसरून, अगदी चार वर्षांची असल्यासारखी, मांडीवर ती रिकामी नळी घेऊन. मीही रडले, पण मला तिच्या आवाजात माझा ऐकू येत नव्हता. पुढच्या सीटवरच्या आजी वळून म्हणाल्या, "काय गं, नापास झाली का?"

"हो," मी म्हटलं.

"होतं असं. पुढच्या वर्षी बसव."

"अहो आजी," टिटवी हुंदके देत म्हणाली, "मी नाही, ही नापास झाली." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुढे बघत बसल्या.

बिल्डिंगच्या फाटकात सेक्रेटरीकाका स्कूटर पुसत होते. आमचे चेहरे बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. "फुटलं?"

"फुटलं," मी म्हटलं. आणि मग मी जे बोलले, ते शुद्धीवरची बाई बोलली नसती. "काका, गच्चीची किल्ली हवी होती. एक अंडं सोडायचं आहे."

गच्चीची किल्ली काका कोणाला देत नाहीत. टाकीवाल्यालासुद्धा सोबत जाऊन उघडून देतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टिटवीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, मग तिच्या हातातल्या काळ्या कापडाकडे. त्या छत्रीला ते ओळखत होते. पावसाळ्यात बस-स्टॉपपासून घरापर्यंत तिच्यातली अर्धी जागा पुष्कळदा त्यांचीच असायची.

"अंड्याचं वजन?" ते म्हणाले.

"साठ," टिटवी म्हणाली.

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, स्कूटर ढकलत पार भिंतीशी नेली आणि फाटकावर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना हाताने थोपवू लागले.

गच्चीवर ऊन कलंडत आलं होतं. टिटवीने टाका दाताने तोडला. मी घडी मोडली. मीच, स्वतःच्या हाताने, एकेक पाकळी झटकून. घरात शेवटचं एक अंडं होतं, ते बांधलं. दोघींनी कठड्यावरून हात लांब केले आणि सोडलं.

क्षणभर ते तसंच खाली गेलं. मग हवा आत शिरली आणि छत्री उघडली. ज्या आवाजाने ती आमच्या दारात उघडायची, अगदी त्याच आवाजाने. आठही पाकळ्या ताठ, मधल्या भोकातून उन्हाचा एक ठिपका. वरून छत्री बघायची मला सवय आहे. पावसाळी संध्याकाळी मी गॅलरीत उभी असायची, आणि गर्दीतल्या सगळ्या काळ्या छत्र्यांतून एक नेमकी आमच्या फाटकात वळायची. चेहरा दिसायचा नाही. नुसती छत्री दिसली तरी मी चहाचं आधण ठेवायची.

ती हळूहळू, अजिबात न डुलता, फाटकाच्या आतल्या फरशीवर उतरली आणि एका बाजूला कलली. काका लगबगीने गेले, वाकले, अंडं हातात घेतलं, कानाजवळ नेऊन हलवलं. मग वर बघून दोन्ही हात उंच केले.

टिटवी माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आणलं खाली."

"आणलं."

"आता चहा ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. तरी दोघींपैकी कोणीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. काका ती लावल्याशिवाय राहणार नव्हतेच. नियम तो नियम. "गच्चीवरून कोणतीही वस्तू सोडण्यापूर्वी खाली कोणी उभे नाही ना, याची रहिवाशांनी नीट वाकून खात्री करून घ्यावी."

आम्ही घेतली होती. छत्री उतरल्यानंतरसुद्धा, कठड्यावरून वाकून, दोघी बराच वेळ बघत होतो. छत्रीखाली कोणी नव्हतं.